कार्लोस रेगादास : आधी पाहणे, मग समजणे

कार्लोस रेगादास हे आजच्या मेक्सिकोतील महत्त्वाचे चित्रपट-दिग्दर्शक. २००२ ते २०१८ या काळात त्यांनी पूर्ण लांबीचे अवघे पाच चित्रपट केले. त्यांपैकी तीन कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होते आणि एक व्हेनिसच्या. २००७ मध्ये कानचा ज्यूरी पुरस्कार आणि २०१२ मध्ये तिथलाच सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या चित्रपटांत गोष्ट असते, पण ती प्रेक्षकाला हाताला धरून पुढे नेत नाही. एखादा डोंगर, एखादा चेहरा, पावसात भिजलेले शेत पडद्यावर बराच वेळ राहते आणि प्रेक्षकाची चुळबुळ सुरू होते. तो तिथेच थोडा थांबला, तर त्याच डोंगरात आणि त्याच चेहऱ्यात काहीतरी नवे दिसू लागते. चित्रपटाचे पहिले काम दाखवणे हे आहे, अर्थ त्यातून उगवला तर उगवेल, हा रेगादास यांचा आग्रह आहे. तो लक्षात घेतला की त्यांच्या पाचही चित्रपटांत शिरता येते.

वकिलीतून चित्रपटाकडे

रेगादास यांचा जन्म १० ऑक्टोबर १९७१ रोजी मेक्सिको सिटीत झाला. किशोरवयात त्यांनी रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांचे चित्रपट पाहिले आणि त्यांचा ठसा कायमचा उमटला. चित्रपट हे वेळ घालवण्याचे साधन असते, एवढीच तोवरची समजूत. प्रार्थनेसारखे एकाग्र होऊन पाहण्याजोगे असे काही पडद्यावर असू शकते, हे त्यांना तेव्हा उमगले. तरीही त्यांनी शिक्षण घेतले ते कायद्याचे. मेक्सिकोत पदवी घेतल्यावर लंडनमध्ये त्यांनी सशस्त्र संघर्षाच्या कायद्याचा विशेष अभ्यास केला आणि पुढे ब्रुसेल्समध्ये मेक्सिकोच्या परराष्ट्र सेवेत काही काळ नोकरी केली.

ब्रुसेल्समध्येच त्यांनी चित्रपटाकडे वळायचे ठरवले. तिथल्या चित्रपट-शाळेत त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी शाळेचा नाद सोडला आणि स्वतःच लघुपट करून पाहिले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी असे चार लघुपट केले. ‘मॅक्सह्युमेन’ हा त्यांतलाच एक. कॅमेरा कुठे ठेवायचा, एखादा शॉट किती वेळ चालू द्यायचा, आवाज किती आणि कुठून येऊ द्यायचा, हे त्यांनी हात घालून शिकून घेतले. चित्रपट-शाळेत पटकथेचे जे ठरीव साचे शिकवतात, त्यांचे ओझे त्यांच्या डोक्यावर कधी बसलेच नाही.

त्यांनी पदार्पण केले तो काळ मेक्सिकन चित्रपटाच्या दृष्टीने उत्साहाचा होता. १९३० ते १९५० च्या दशकांत मेक्सिकोत व्यावसायिक चित्रपटाचे सुवर्णयुग होऊन गेले होते. स्पेनमधून परागंदा झालेले लुईस बुन्युएल यांनी तिथेच आपले अनेक महत्त्वाचे चित्रपट केले, आणि त्यांच्या सहवासात वाढलेल्या आर्तुरो रिपस्तीन यांनी पुढे गंभीर चित्रपटाची वाट चालू ठेवली. २००० मध्ये आलेहान्द्रो गोन्सालेस इन्यारितू यांच्या ‘आमोरेस पेर्रोस’ने आणि २००१ मध्ये आल्फोन्सो क्वारोन यांच्या ‘इ तु मामा ताम्बिएन’ने जगाचे लक्ष पुन्हा मेक्सिकोकडे वेधले. हे दोघे आणि गियेर्मो देल तोरो हॉलिवूडमध्येही काम करत ऑस्करपर्यंत पोचले. रेगादास मात्र मेक्सिकोतच राहिले. देशातला सरकारी आधार आणि युरोपातले सहनिर्माते यांच्या बळावर त्यांनी काम केले.

‘हापोन’ : दरीतला माणूस

‘हापोन’ हा त्यांचा पहिला चित्रपट २००२ मध्ये रॉटरडॅम महोत्सवात प्रथम दाखवला गेला. नंतर तो कानच्या ‘डिरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात आला आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठी असलेल्या ‘कॅमेरा दोर’ पुरस्काराच्या वेळी त्याचा खास उल्लेख झाला. ‘हापोन’ म्हणजे स्पॅनिशमध्ये जपान. चित्रपटात मात्र जपानचा कुठेही संबंध येत नाही आणि नावाचा खुलासाही होत नाही.

शहरातला एक प्रौढ, लंगडत चालणारा माणूस इदाल्गो राज्यातल्या एका खोल दरीतल्या गावात येतो. त्याला आत्महत्या करायची आहे. त्याचे नावही प्रेक्षकाला कळत नाही. दरीच्या उतारावर राहणारी आसेन नावाची म्हातारी विधवा आपल्या दगडी गोठ्यात त्याला राहायला जागा देते. आपले नाव आसुन्सिओन नसून आसेन्सिओन आहे, हे ती त्याला समजावून सांगते. येशू स्वतःच्या बळावर स्वर्गात चढला, ते आसेन्सिओन. मरियेला वर नेण्यात आले, ते आसुन्सिओन. साध्या बोलण्याच्या ओघात आलेल्या या खुलाशात त्या बाईचा सगळा स्वभाव दिसून येतो. ती कुणावर भार टाकत नाही आणि देताना हातही आखडत नाही.

तो माणूस पिस्तूल घेऊन कड्याच्या टोकावर जातो, पण गोळी झाडू शकत नाही. पावसात एका मेलेल्या घोड्याशेजारी तो आडवा होतो आणि कॅमेरा त्याला सोडून वर वर जातो. हळूहळू त्याच्यात जगण्याची इच्छा परत येते, आणि ती शरीराच्या वाटेने येते : त्या म्हातारीविषयी त्याला ओढ वाटू लागते. दोघांमधला शरीरसंबंध रेगादास यांनी लाज आणि दया यांच्या पलीकडे जाऊन, अत्यंत संयमाने चित्रित केला आहे. दरम्यान आसेनचा पुतण्या त्या गोठ्याच्या दगडांवर हक्क सांगतो. दगड काढून नेले जातात, आसेनही त्या गाडीवर बसून जाते आणि रेल्वे रुळांवर अपघात होतो.

शेवटचा शॉट या चित्रपटाची ओळख बनला आहे. कॅमेरा रुळांवरून पुढे सरकत राहतो आणि सरकता सरकता गोल फिरतो. विखुरलेले दगड, माणसांची शरीरे, रिकामे माळरान एकामागून एक चौकटीत येते आणि जाते. सोबत एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पेर्ट यांची, घंटेच्या ठोक्यावर उतरत जाणारी तंतुवाद्यांची रचना वाजते. कॅमेरा शेवटी आसेनपाशी पोचतो. मरायला आलेला माणूस वाचला आणि त्याला आसरा देणारी गेली. यावर कुणीही भाष्य करत नाही.

छायालेखक दिएगो मार्तिनेस विग्नाती यांनी हा चित्रपट १६ मिलिमीटर फिल्मवर, पण अतिरुंद चौकटीत टिपला. एवढ्या लहान फिल्मवरचे चित्र मोठ्या पडद्यावर ताणले की त्यातले कण उठून दिसतात. दरीतली धूळ, ऊन आणि माती चित्राच्या पोतातच मिसळून जातात. कमी खर्चाच्या साधनातून रेगादास यांनी अशी भव्यता मिळवली.

‘बाताया एन एल सिएलो’ : शहराच्या तळाशी

२००५ चा ‘बाताया एन एल सिएलो’, म्हणजे ‘स्वर्गातील लढाई’, कानच्या मुख्य स्पर्धेत दाखवला गेला आणि त्याने मोठे वादळ उठवले. चित्रपटाची सुरुवात एका उघड लैंगिक दृश्याने होते. बराचसा गाजावाजा त्या दृश्याचाच झाला आणि त्यामागचा चित्रपट अनेकांच्या नजरेतून निसटला.

मार्कोस हा एका लष्करी जनरलचा ड्रायव्हर. त्याने आणि त्याच्या बायकोने पैशासाठी एका बाळाचे अपहरण केले आहे आणि ते बाळ मेले आहे. मार्कोस हे गुपित जनरलच्या मुलीला, आनाला सांगतो. श्रीमंत घरातली ही तरुणी कुणाच्या नकळत, गरज नसताना, स्वखुशीने देहविक्रय करते. पापाचा भार मार्कोसला पेलत नाही. तो आनाचा खून करतो आणि शेवटी ग्वादालुपेच्या मातेच्या यात्रेकरूंबरोबर गुडघ्यांवर चालत मंदिराकडे निघतो. मेक्सिको सिटीतले हे देवस्थान मेक्सिकन कॅथलिकांचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान आहे, आणि नवस फेडण्यासाठी गुडघ्यांवर चालत जाणारे भाविक तिथे नेहमी दिसतात.

मार्कोसची भूमिका मार्कोस एर्नान्देस यांनी केली. ते व्यावसायिक नट नव्हते. प्रत्यक्षातही ते ड्रायव्हरचे काम करत. त्यांचा जाड, थकलेला, सावळा देह आणि तितकाच स्थूल असा चित्रपटातल्या त्यांच्या पत्नीचा देह रेगादास यांनी देखण्या आनाच्या देहाइतक्याच लक्ष देऊन पडद्यावर आणला. मेक्सिकन दूरदर्शन मालिकांत नायक-नायिका गोऱ्या असतात आणि सावळे चेहरे नोकर-चाकरांच्या वाट्याला येतात. त्या देशात ही गोष्ट लहान नव्हती. चित्रपटाचा राजकीय आशय एखाद्या संवादात शोधायला गेले तर सापडत नाही. कॅमेरा कोणाकडे किती वेळ बघतो, यात तो आहे.

यातले एक दृश्य जवळून पाहण्याजोगे आहे. मार्कोस आणि आना एका खोलीत एकत्र असताना कॅमेरा त्यांना सोडून खिडकीतून बाहेर पडतो. समोरच्या इमारती, गच्च्या, आपापल्या कामात असलेली माणसे असा परिसराचा पूर्ण फेरा घेऊन तो सावकाश पुन्हा त्याच खोलीत येतो. दोन माणसांच्या आयुष्यातला सर्वांत खासगी क्षण आणि त्याच वेळी चालू असलेले शहराचे नेहमीचे जगणे, दोन्ही एकाच शॉटमध्ये सामावते. सोकालो या मुख्य चौकात सैनिकांकडून होणारे प्रचंड राष्ट्रध्वजाचे ध्वजारोहणही चित्रपटात येते. राष्ट्र, धर्म आणि देह या तीन सत्तांच्या मध्ये सापडलेला एक गरीब माणूस असा हा चित्रपट आहे.

‘स्टेलेट लिख्ट’ : उजेडाचा चित्रपट

‘स्टेलेट लिख्ट’ (२००७) म्हणजे ‘निःशब्द प्रकाश’. रेगादास यांच्या चित्रपटांत नव्या प्रेक्षकाने आधी पाहावा, असा हाच. तो उत्तर मेक्सिकोतील चिवावा राज्यात राहणाऱ्या मेनोनाइट समाजात घडतो.

मेनोनाइट हा सोळाव्या शतकात नेदरलँड्सच्या परिसरात उगम पावलेला ख्रिस्ती पंथ. शस्त्र न धरणे, साधे राहणे आणि आपल्या समाजापुरते जगणे ही त्याची मूळ तत्त्वे. छळ आणि सक्तीची लष्करी सेवा टाळण्यासाठी या लोकांनी पिढ्यानपिढ्या स्थलांतर केले : आधी प्रशिया, मग रशियन साम्राज्य, मग कॅनडा. कॅनडात शाळांमधून इंग्रजीची सक्ती झाली, तेव्हा त्यांतले काही गट १९२२ पासून मेक्सिकोत आले. लष्करी सेवेतून सूट आणि स्वतःच्या शाळा चालवण्याची मुभा अध्यक्ष आल्वारो ओब्रेगोन यांनी त्यांना दिली होती. क्वाउतेमोक शहराच्या आसपास त्यांनी शेती आणि दूधव्यवसाय उभा केला. तिथले मेनोनाइट चीज आज मेक्सिकोभर विकले जाते. घरात ते प्लाउटडीच ही जुनी लो जर्मन बोली बोलतात. ‘स्टेलेट लिख्ट’ हा याच भाषेत केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो.

कथा चार ओळींत सांगता येते. योहान हा सुखवस्तू शेतकरी, एस्थर ही त्याची पत्नी, घरात बरीच मुले. योहानचे मारियान नावाच्या दुसऱ्या स्त्रीवर प्रेम बसले आहे. त्याने हे पत्नीपासून लपवलेले नाही. तिघेही भली माणसे आहेत, आणि दुःखाची धार त्यामुळेच वाढते.

चित्रपट सुरू होतो तो ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाने. कॅमेरा अंधारात सावकाश वळतो. किड्यांची किरकिर, मग गुरांचे हंबरणे, मग कोंबड्याची बांग. क्षितिजावर आधी जांभळी, मग तांबडी रेघ उमटते, झाडांच्या आकृत्या वेगळ्या होत जातात आणि शेवटी सगळ्या माळावर ऊन पसरते. हे सारे सुमारे सहा मिनिटे चालते आणि त्यात एकही माणूस नाही. छायालेखक आलेक्सिस साबे यांनी टिपलेली ही पहाट पाहून झाली की प्रेक्षकाचा श्वास संथ झालेला असतो. पुढचे दोन तास कोणत्या गतीने पाहायचे आहेत, हे दिग्दर्शकाने कसलीही सूचना न देता शिकवलेले असते.

लगेच स्वयंपाकघर येते. टेबलाभोवती अख्खे कुटुंब न्याहारीपूर्वीच्या मूक प्रार्थनेत बसलेले आहे. आवाज फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा. खाणे आटोपून बायको-मुले बाहेर जातात. एकटा उरलेला योहान खुर्चीवर चढून घड्याळाचा लंबक थांबवतो, पुन्हा टेबलाशी बसतो आणि हुंदके देऊन रडू लागतो. त्याला काय झाले आहे हे प्रेक्षकाला अजून माहीत नसते, पण त्या थांबवलेल्या घड्याळाने त्याच्या मनाची अवस्था नेमकी पोचते.

पुढे मुसळधार पावसात रस्त्याकडेला एस्थर कोसळते आणि तिचे हृदय बंद पडते. अंत्यसंस्काराच्या आधी मारियान तिच्या पार्थिवाजवळ जाते, तिच्या ओठांवर ओठ टेकवते आणि एस्थर डोळे उघडते. डॅनिश दिग्दर्शक कार्ल थेओडोर ड्रायर यांच्या १९५५ च्या ‘ऑर्डेट’ या चित्रपटाला रेगादास यांनी येथे उघड वंदन केले आहे. तिथेही मृत स्त्री श्रद्धेच्या बळावर उठते. फरक असा की ड्रायर यांच्याकडे हे घडवतो तो देवावरचा अढळ विश्वास, आणि रेगादास यांच्याकडे घडवते ती प्रतिस्पर्धी स्त्रीची करुणा. शेवटी पुन्हा माळ, पुन्हा क्षितिज, आणि या वेळी मावळतीकडून अंधाराकडे.

यातले जवळजवळ सगळे कलाकार मेनोनाइट समाजातलेच आहेत. योहानचे काम कोर्नेलिओ वॉल यांनी केले. एस्थर झालेल्या मिरियम टेव्झ या कॅनडातील मेनोनाइट कुटुंबात वाढलेल्या नामवंत लेखिका. चित्रीकरणाच्या या अनुभवातून त्यांना पुढे ‘इर्मा वोथ’ ही कादंबरी सुचली. चित्रपटाला कानमध्ये ज्यूरी पुरस्कार मिळाला. तो त्या वर्षी ‘पर्सेपोलिस’बरोबर विभागून देण्यात आला होता. मेक्सिकोने आपली प्रवेशिका म्हणून ‘स्टेलेट लिख्ट’ ऑस्करसाठीही पाठवला.

‘पोस्ट टेनेब्रास लुक्स’ : घराच्या आत

२०१२ च्या या चित्रपटाचे नाव लॅटिन आहे : ‘अंधारानंतर उजेड’. मोरेलोस राज्यातल्या डोंगराळ भागात, जिथे रेगादास स्वतः घर बांधून राहतात, तिथेच तो बहुतांशी चित्रित झाला. हुआन हा सधन शहरी माणूस बायको नातालिया आणि दोन लहान मुलांसह खेड्यात राहायला आला आहे. मुलांच्या भूमिकांत रेगादास यांचीच मुले, रुत आणि एलेआसार, आहेत. गावातल्या गरिबांशी या कुटुंबाचे नाते वरवर गोडीचे आणि आतून तणावाचे आहे. तो तणाव अखेर हिंसेपर्यंत जातो.

पहिले दृश्य रुतचे. जेमतेम चालू-बोलू लागलेली ही चिमुरडी पाणथळ चिखलात एकटी बागडते आहे. भोवती गायी, घोडे, भुंकणारी कुत्री. प्राण्यांची नावे घेत ती त्यांच्यामागे धावते. सांज होते, आभाळ भरून येते, विजा चमकू लागतात आणि अंधारात फक्त तिचा आवाज उरतो. आनंद भीतीत कधी बदलला, ते पाहणाऱ्यालाही कळत नाही. पुढच्या दृश्यात रात्री लाल रंगाची, झळाळती, शिंगे-शेपटी असलेली सैतानाची आकृती हातात अवजारांची पेटी घेऊन घरात शिरते, शांतपणे खोल्यांतून फिरते. एक लहान मूल दारातून ती पाहते.

भिंगासमोर कडा तासलेली काच लावून हा चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत टिपला आहे. त्यामुळे मध्यभाग स्पष्ट, पण कडेला येणारी प्रत्येक वस्तू दुहेरी आणि धूसर दिसते. आठवणी, स्वप्ने, भविष्यकाळ आणि इंग्लंडमधल्या मुलांचा रग्बीचा सामना असे सगळे येथे पाटी न लावता एकामागून एक येते. हुआन अंथरुणाला खिळलेला असताना नातालिया पियानोवर बसून नील यंग यांचे एक गाणे म्हणते. तिचा आवाज कसलेल्या गायिकेचा नाही. पण त्या घरातले सगळे न बोललेले त्यात उतरते. कानमध्ये पत्रकारांच्या खेळात काहींनी चित्रपटाची हुर्यो उडवली. परीक्षक मंडळाने मात्र रेगादास यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरवले.

‘नुएस्त्रो तिएम्पो’ : स्वतःलाच चौकटीत

‘नुएस्त्रो तिएम्पो’, म्हणजे ‘आमचा काळ’, २०१८ मध्ये व्हेनिसच्या स्पर्धेत होता. लांबी जवळपास तीन तास. त्लास्काला राज्यात झुंजीचे बैल पोसणारा कवी हुआन आणि त्या पशुपालनाचा कारभार पाहणारी त्याची पत्नी एस्तेर यांनी एकमेकांना मोकळीक दिलेली आहे. एस्तेर एका अमेरिकी घोडे-प्रशिक्षकात गुंतते, आणि मोकळेपणाच्या गप्पा मारणारा हुआन मत्सराने पोखरला जातो.

हुआनची भूमिका खुद्द रेगादास यांनी केली आणि एस्तेरची त्यांच्या पत्नी नातालिया लोपेस यांनी. साहजिकच चित्रपट आत्मचरित्र म्हणून वाचला गेला. रेगादास यांनी ते नाकारले. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. चौकटीत ज्याला ठेवायचे त्याच्याकडे निर्दयपणे नीट पाहायचे, हा जो नियम त्यांनी इतरांना लावला होता, तो येथे स्वतःलाही लावला. हुआन हा कुठेही सहानुभूती मागत नाही. तो पत्रे लिहितो, पाळत ठेवतो, समजूतदारपणाच्या आडून बायकोवर ताबा ठेवू पाहतो. शेवटी धुक्यात बैल एकमेकांना भिडतात, आणि माणसांच्या लांबलचक बोलण्याने जे साधले नाही ते त्या मुक्या झुंजीत उघडे पडते.

कामाची रीत

या सगळ्या चित्रपटांमागची पद्धत जवळजवळ एकच आहे. चित्रीकरणाच्या आधी रेगादास प्रत्येक शॉट कागदावर रेखाटून ठेवतात. चौकट कुठली, कॅमेरा किती सरकेल, हे बरेचसे ठरलेले असते. कलाकारांच्या हातात मात्र ते पटकथा देत नाहीत. तालमी नसतात. काय बोलायचे आणि कुठे उभे राहायचे, ते त्या त्या वेळी सांगितले जाते. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांनीही व्यावसायिक नट टाळले, पण ते एकेक दृश्य अनेकदा करून घेत आणि माणसाच्या वागण्यातला सगळा अभिनय घासून काढत. रेगादास यांना माणूस घासायचा नसतो; तो जसा उभा राहतो, जसा अवघडतो, तसाच हवा असतो. चेहरा, देह आणि ठिकाण यांची निखळ उपस्थिती हे त्यांचे साहित्य.

आवाजाकडे त्यांचे तेवढेच लक्ष असते. पार्श्वसंगीत कमी, आणि येते तेव्हा दृश्याच्या बरोबरीने उभे राहते. एरवी वारा, जनावरे, इंजिन, पाऊस हेच संगीत. चित्रपट म्हणजे सचित्र वाङ्मय किंवा पडद्यावरचे नाटक नव्हे, ही त्यांची भूमिका वेळोवेळी मांडलेली आहे. चित्र आणि ध्वनी यांना गोष्टीच्या सेवेतून मोकळे केले की ते स्वतःहून बोलतात, असा त्यांचा विश्वास.

आक्षेप

त्यांच्यावरचे आक्षेपही गंभीर आहेत. सधन, उच्चशिक्षित दिग्दर्शकाने कष्टकरी माणसांच्या उघड्या देहांकडे असे पाहावे का, त्यात त्यांचा वापर होत नाही का, हा प्रश्न ‘बाताया एन एल सिएलो’पासून विचारला जातो. प्राण्यांच्या यातना दाखवणारी दृश्ये अनेकांना असह्य वाटतात. ‘पोस्ट टेनेब्रास लुक्स’सारखा चित्रपट मुद्दाम दुर्बोध केला आहे, असेही म्हटले जाते. हे प्रश्न झटकून टाकता येणार नाहीत. शेवटच्या दोन चित्रपटांत रेगादास यांनी कॅमेरा आपल्याच वर्गाकडे, आपल्या घराकडे आणि अखेर स्वतःकडे वळवला, हे त्यांचे सर्वांत प्रामाणिक उत्तर म्हणावे लागेल. आपल्याला जे इतरांकडून हवे ते स्वतः द्यायला हा दिग्दर्शक तयार आहे.

मागे काय उभे राहिले

निर्माते हाइमे रोमान्दिया यांची मान्तारराया ही संस्था आणि रेगादास यांची स्वतःची निर्मितीसंस्था यांच्याभोवती मेक्सिकोत स्वतंत्र चित्रपटाचा एक लहान पण चिवट गट तयार झाला. ‘बाताया एन एल सिएलो’वर साहाय्यक असलेले आमात एस्कालान्ते यांच्या ‘सांग्रे’ (२००५) या पहिल्या चित्रपटाच्या निर्मितीत रेगादास यांचा वाटा होता. याच एस्कालान्ते यांना ‘एली’साठी २०१३ मध्ये कानचा सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. रेगादास यांच्यानंतर बरोबर पुढच्याच वर्षी तो सन्मान पुन्हा मेक्सिकोकडे गेला. अनेक वर्षे संकलक म्हणून काम केलेल्या नातालिया लोपेस यांनीही पुढे दिग्दर्शन हाती घेतले. ‘मान्तो दे खेमास’ या त्यांच्या पहिल्या चित्रपटाला २०२२ मध्ये बर्लिन महोत्सवात ज्यूरी पुरस्काराचे रौप्य अस्वल मिळाले.

पाच चित्रपट ही संख्या मोठी नाही. पण शाळेत न शिकता, ठरलेले नट न घेता आणि देश न सोडता, जगाच्या चित्रपटात स्वतःची नजर रुजवता येते, हे रेगादास यांनी त्या पाचांतून सिद्ध केले. ज्यांना हे चित्रपट पहिल्यांदाच पाहायचे आहेत, त्यांनी ‘स्टेलेट लिख्ट’पासून सुरुवात करावी, मोठ्या पडद्यावर, दिवे मालवून, आणि ती पहाट पूर्ण उजाडेपर्यंत न उठता.